मैदान, विश्वास आणि आपली लेकरं



विषय ठरला तेव्हा संयोजकांपैकी एक जण हळूच म्हणाले, "सर, लेकीबाळी समोर असतील, जरा जपून बोला." आम्ही म्हटलं, त्या समोर असतील म्हणूनच तर बोलायचं. ज्यांच्यावर हे गुदरतं त्यांना सोडून बाकी सगळ्यांनी कुजबुजायचं, अशी या विषयाची आपल्याकडे रीत पडली आहे. मैदानावर, तालमीत, अकॅडमीत जाणाऱ्या मुलामुलींचा लैंगिक छळ, त्यांना होणारी मारहाण, आणि त्यांची राखण कशी करायची, हा आजचा विषय.

बदनापूर म्हटलं की बाहेरच्या शेतकऱ्याला तूर आठवते. इथल्या संशोधन केंद्राचे 'बीडीएन' वाण लांबलांबच्या शिवारात पोचले आहेत. पण मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावासारखं इथलंही पहाटेचं चित्र आता वेगळं आहे. रस्त्याच्या कडेनं पोरं-पोरी धावतात. कुणाच्या डोक्यात पोलीस भरती, कुणाच्या सैन्य, कुणाला कबड्डीच्या नाहीतर खो-खोच्या जिल्हा संघात जायचंय. पाऊस बेभरवशाचा, जमिनीच्या वाटण्या होऊन होऊन वाटे एकरा-दोन एकरांवर आलेले. अशा घरात खेळ ही हौस राहत नाही, तो नोकरीचा रस्ता होतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, बोर्डाच्या परीक्षेत खेळाचे वाढीव गुण आहेत. आणि या सगळ्यासाठी कागद लागतो, कागदावर कुणाची तरी सही लागते.

आता खेळाच्या सरांचा अधिकार नीट बघा. गणिताच्या मास्तरांना मुलाच्या अंगाला हात लावायची गरज पडत नाही. खेळात पडते. पकड शिकवायची तर मनगट धरावं लागतं, कोलांटी शिकवायची तर कंबरेला आधार द्यावा लागतो. मुलाचं वजन किती, त्यानं काय खावं, किती झोपावं, दुखलं तर कुठं चोळावं, मुलगी आज का पळत नाही, हे सगळं सरांना ठाऊक असतं. घरात बापालाही एवढं ठाऊक नसतं. पहाटे पाचच्या अंधारात लेकरू त्यांच्या ताब्यात, स्पर्धेला परगावी गेलं तर मुक्काम त्यांच्याबरोबर. आणि संघात नाव घालायचं की खोडायचं, तेही त्यांच्याच हातात. स्पर्श, एकांत आणि पुढचं आयुष्य, या तिन्हींच्या किल्ल्या एकाच जुडग्यात. आम्हाला आठवत नाही की दुसऱ्या कुठल्या व्यवसायात आपण एका माणसाला एवढ्या किल्ल्या देतो आणि वर एक प्रश्नसुद्धा विचारत नाही.

याचा अर्थ सर वाईट असतात असा कुणी घेऊ नये. गावाकडचे कितीतरी क्रीडाशिक्षक स्वतःच्या खिशातून पोरांना बूट घेऊन देतात, आपल्या घरचा डबा पोरांपुढे ठेवतात. आमचं म्हणणं माणसांबद्दल नाही, रचनेबद्दल आहे.

विश्वास या शब्दाकडे जरा थांबून बघू. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, सवय जात नाही. अ‍ॅनेट बायर नावाच्या एका विदुषी होत्या. १९८६ साली त्यांनी विश्वासावर एक लेख लिहिला. त्याआधीचे बहुतेक तत्त्वज्ञ विश्वासाचा विचार करायचे तो बरोबरीच्या माणसांमधला, करारमदारातला. बायरबाईंनी पहिल्यांदा ठामपणे सांगितलं की खरा अवघड विश्वास असतो तो बरोबरी नसलेल्या नात्यात, म्हणजे लहान मूल आणि मोठं माणूस यांच्यात. विश्वास ठेवणं म्हणजे आपल्याला मोलाची असलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती देणं. तो तिला इजा करू शकतो हे माहीत असतं, तरी करणार नाही असं आपण धरून चालतो. मग कुठला विश्वास ठेवण्याजोगा? त्यांनी एक कसोटी दिली, तिचा आशय आम्ही आपल्या भाषेत सांगतो: हे नातं ज्या गोष्टीवर उभं आहे ती गोष्ट उघडपणे बोलून दाखवली, तरी नातं टिकतं का?

ही कसोटी अकॅडमीला लावून बघा. "सर, पोरीला एकटीला खोलीवर का बोलावता?" "सर, रात्री दहानंतर तिला मेसेज कशाला?" असं एखाद्या आईनं सरळ विचारलं. चांगला प्रशिक्षक क्षणभर ओशाळेल, कदाचित दुखावेलही, पण कारण सांगेल आणि पुढच्या वेळी दार उघडं ठेवेल. जो म्हणेल, "विश्वास नसेल तर घेऊन जा तुमची पोरगी," त्यानं उत्तर दिलं नाही, धमकी दिली. दोन्हींतला फरक अडाणी माणसालाही कळतो. पण आपण विचारतच नाही.

आपण का विचारत नाही? आपल्या डोळ्यांपुढे गुरूची एक मूर्ती आहे. १९८५ पासून देशातल्या उत्तम प्रशिक्षकांना जो पुरस्कार देतात त्याचं नाव द्रोणाचार्य. द्रोणाचार्य म्हटलं की एकलव्य आठवतो, आणि एकलव्याची गोष्ट आपण पोरांना गुरुभक्ती म्हणून सांगतो. एका पोराचा अंगठा मागितला गेला आणि त्यानं तो काढून दिला. तिथं उभं राहून "गुरुजी, हे काय मागताय?" असं म्हणणारं एकही मोठं माणूस त्या गोष्टीत नाही. शिष्याचा त्याग आपण डोक्यावर घेतला, पण गुरूची मागणी तपासायची राहून गेली.

आता प्रत्यक्ष घडलेलं बघू. १९९० चा ऑगस्ट, हरियाणातलं पंचकुला. रुचिका गिरहोत्रा, वय १४, टेनिस खेळायची. राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष होते एस. पी. एस. राठोड, आणि तेच पोलीस खात्यात महानिरीक्षक. म्हणजे खेळाचा अधिकार आणि कायद्याचा अधिकार एकाच खुर्चीत. त्यांनी आपल्या कार्यालयात रुचिकाचा विनयभंग केला. तिची मैत्रीण आराधना साक्षीदार होती. मुलींनी घरी सांगितलं, पालकांनी तक्रार केली. म्हणजे जे करायला हवं होतं ते त्या लेकरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी केलं. त्याच वर्षी पोलीस महासंचालकांनी चौकशी केली आणि गुन्हा नोंदवावा असा अहवाल दिला. गुन्हा नोंदला गेला १९९९ साली! मधल्या काळात रुचिकाचं नाव शाळेतून काढलं, भावावर चोरीचे गुन्हे लागले, आणि १९९३ च्या डिसेंबरात तिनं विष घेतलं. २००९ साली न्यायालयानं राठोड यांना दोषी ठरवलं, शिक्षा सहा महिने. वरच्या न्यायालयानं ती दीड वर्ष केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला आणि शिक्षा मात्र आधी भोगलेल्या काळापुरती आणली.

या प्रकरणात आम्हाला सगळ्यांत जास्त काय बोचतं, तर रुचिका गप्प नव्हती हे. आपण सारखं म्हणतो, पोरींनी बोलायला पाहिजे, धीट झालं पाहिजे. ती बोलली होती. ऐकणाऱ्यांची व्यवस्था नव्हती.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. अमेरिकेत लॅरी नासर नावाचा जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत होता. कित्येकदा आई त्याच खोलीत बसलेली असायची. एवढा नावाजलेला डॉक्टर, ऑलिम्पिकचा, तो करतोय ते उपचारच असणार, असं तिला वाटायचं. त्याच्याविषयी विद्यापीठाच्या प्रशिक्षिकेकडे १९९७ मध्येच मुलींनी सांगितलं होतं. वर्तमानपत्रात ते आलं २०१६ मध्ये. २०१८ च्या जानेवारीत शिक्षेच्या सुनावणीला दीडशेहून जास्त जणी उभ्या राहून बोलल्या. म्हणजे आई खोलीत बसली म्हणून भागत नाही. तिला विचारायची मुभा आहे असं तिला वाटायला हवं.

आपल्या कुस्तीचं ताजं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. २०२३ च्या जानेवारीत देशाच्या नामवंत कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या. आरोप महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर होते. त्यांनी ते नाकारले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण न्यायालयानं २०२५ मध्ये पोलिसांचा अहवाल स्वीकारून बंद केलं. मोठ्या कुस्तीगीर मुलींच्या तक्रारीवर २०२४ मध्ये वेगळे आरोप निश्चित झाले होते. न्यायाचं काम न्यायालयाचं, आपण त्यात पडू नये. पण एक गोष्ट त्या निमित्तानं उजेडात आली. कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी, हा कायदा २०१३ चा. दहा वर्षांनी, मे २०२३ मध्ये, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला क्रीडा मंत्रालयाला आणि महासंघांना नोटिसा काढाव्या लागल्या, कारण अनेक महासंघांत ती समितीच धड नव्हती. दिल्लीत ही गत, तर तालुक्याला काय असेल?

आता कायदा. तो समजून घ्यायला आपल्याच राज्यातलं एक प्रकरण फार उपयोगी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही गुन्हा लागला. आरोप हा, की त्यांना कळलं होतं आणि त्यांनी कळवलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं डॉक्टरांविरुद्धचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि सांगितलं, की लेकरावर अत्याचार झाल्याचं माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रकार असतो. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडलं. नावात आपल्या गावापासून एका अक्षराचा फरक. चिमुरड्या मुलींच्या पालकांना ठाण्यात ताटकळत बसावं लागलं, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, आणि शाळा चालवणाऱ्यांवर न कळवल्याचा वेगळा गुन्हा नोंदला गेला.

हा कायदा म्हणजे पोक्सो, २०१२ चा. १८ वर्षांखालचं प्रत्येक लेकरू त्यात येतं, मुलगा असो की मुलगी. मुलाची 'संमती' होती हा बचाव त्यात नाही. कलम १९ सांगतं, की असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं दाबून ठेवलं तर एक वर्षापर्यंत.

इथं आमच्यातला मास्तर पुन्हा जागा होतो. शंका आणि ज्ञान यांत फरक आहे, आणि या कायद्यानं तो फार शहाणपणानं ओळखला आहे. आपण काय करतो? कानावर काही आलं की बैठक बसवतो. सरपंच, मुख्याध्यापक, दोन जाणती माणसं, सरांनाच बोलावून "काय हो, असं केलं का?" आणि मग मुलीला समोर उभं करून "नीट आठव, खोटं नको बोलू." म्हणजे आपण न्यायाधीश होतो. कायदा म्हणतो, खरं-खोटं ठरवणं हे तुमचं कामच नाही. तुमचं काम कळवणं, बाकी तपास करणारे बघतील. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्यातच लिहिलं आहे. "उद्या कुणी खोटी तक्रार करील, सरांचं आयुष्य बरबाद होईल," असं लोक म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही. सूडानं खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे. पण गावातल्या बैठकीत तिचा निकाल लागत नाही. तिथं ज्याचा आवाज मोठा तो सुटतो, आणि लेकराचा आवाज कधीच मोठा नसतो. निर्दोष सरांनाही नीट तपासच उपयोगी पडतो, गावातली कुजबुज त्यांना जन्मभर चिकटते.

स्पर्शाचं काय, असं क्रीडाशिक्षक आम्हाला नेहमी विचारतात. हात लावल्याशिवाय शिकवायचं कसं? जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटलं होतं, की कपड्यांवरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पोक्सोतला लैंगिक हल्ला होत नाही. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं हे मोडून काढलं आणि सांगितलं, की महत्त्व त्वचेला नाही, हेतूला आहे. बरोबरच आहे. पण हेतू दिसत नाही. मग प्रामाणिक सरांनी आपला हेतू दिसेल असं वागायचं. "आता मी तुझा खांदा धरतो, चालेल का?" असं आधी बोलायचं, सगळ्यांसमोर करायचं, आणि जे दुसरी मुलगी धरून दाखवू शकते ते तिलाच करायला लावायचं. मालिश, अंग चोळून देणं, हे बंद खोलीत एकट्यानं कधीच नाही. यात सरांचा अपमान कसला? शस्त्रक्रियेच्या खोलीत एकटा डॉक्टर नसतो, बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. मॅनेजर चोर आहे म्हणून थोड्याच असतात?

पोक्सोच्या २०२० च्या नियमांत तर क्रीडा अकॅडमीचं नाव घेऊन लिहिलं आहे, की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेनं सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यावी, आणि बालसंरक्षणाचं धोरण ठेवावं. तेव्हा पालकांनो, फी भरताना दोन प्रश्न विचारा. पडताळणी झाली का? आणि तक्रार कुणाकडे करायची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "माझ्याकडेच" असं सरांनी दिलं तर ते उत्तर नव्हे. मेसेज पालक असलेल्या ग्रुपवरच यावेत. परगावी मुलींबरोबर बाई हवीच, आणि मुक्कामाच्या खोल्या आधी कळायला हव्यात. मैदानाजवळ मुलींना कपडे बदलायला बंद होणारं दार आणि चालू अवस्थेतलं स्वच्छतागृह हवं. ते नसतं म्हणून पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. या साध्या गोष्टीला आम्ही सुरक्षिततेत धरतो, कारण आडोसा शोधत फिरणारी मुलगी एकटी सापडते.

मुलांबद्दल दोन शब्द, कारण त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. तालमीत, वसतिगृहात मुलग्यांवरही अत्याचार होतात. मुलगा तर आईलाही सांगत नाही, त्याला भीती वाटते की आपल्या मर्दपणाची थट्टा होईल. आणि मार! पट्ट्यानं, काठीनं, "घडवण्यासाठी". शाळेत मुलाला मारणं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंद आहे, आणि ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा २०१५ च्या बालन्याय कायद्यानं गुन्हा आहे. आम्हाला मारानं घडलेल्यांची उदाहरणं नेहमी ऐकवली जातात. मार खाऊन खेळ सोडून गेलेल्यांची उदाहरणं ऐकवायला कुणी उरत नाही, एवढाच फरक. शिवाय आज ज्या मुलाला शिकवलं, की मोठ्या माणसानं शरीराला दुखवलं तर ते गप्प सोसायचं, ते मूल उद्या दुसऱ्या प्रकारचा हात आला तरी गप्पच सोसणार.

शेवटी मूळ प्रश्नाकडं येऊ. मुली सांगत का नाहीत? लाज हे कारण आहे, भीतीही आहे. पण आपल्या भागात त्याहून मोठं कारण एक आहे, आणि ते मुलींना आपल्यापेक्षा नीट कळतं. सांगितलं तर पहिली शिक्षा तिलाच होणार. सरांचं काय व्हायचं ते होईल, तिचा खेळ मात्र त्याच दिवशी बंद. "बस झालं आता, घरी बस." आणि घरी बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं आपल्या जिल्ह्यांत पुढं काय होतं, ते सांगायला आम्ही कशाला हवेत? पाहुणे येतात. म्हणून ती हिशेब करते, की एक हात सोसला तर मैदान राहतं, बोललं तर मैदानही जातं, शाळाही जाते. तिचा हिशेब चुकीचा नाही. आपण मांडून ठेवलेली गणितं चुकीची आहेत.

म्हणून आईबापांनो, पोरगी काही सांगायला आली तर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते आजच ठरवून ठेवा. "तू एकटी कशाला गेली होतीस?" हे नको. "बरं केलंस सांगितलंस, तुझी चूक नाही, आणि तुझा खेळ बंद होणार नाही," एवढंच. खोदून खोदून विचारू नका, तिला सारखं सारखं सांगायला लावू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका, मोबाईलमधले मेसेज पुसू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत. पोलिसांसाठी ११२. मुलीचा जबाब शक्यतो तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, आणि त्या वेळी अंगावर वर्दी नसावी असं कायद्यात लिहिलं आहे. तिला रात्री ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवायचं असतं. नाव, गाव, शाळा, काहीही छापायला बंदी आहे, आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही ती लागू आहे, दादा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या पोरींना आधी माईक द्या.